चार भाकरींचा फरक

जनवाड्यात बुद्धरत्न मुडबीकरांच्या घरी कूलर लावायचा तर नुसता घाम येऊन भागत नसे. आकडा अडतीसवर यावा लागे. नळाला पाणी चौथ्या दिवशी, आणि कूलर एका दुपारीत दोन घागरी गट्ट करणारा. म्हणून बुद्धरत्नांनी नियम केला होता, की ओसरीवरचं यंत्र अडतीस अंश दाखवेल तेव्हाच कूलर सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की पाचपर्यंत बंद करायचा नाही. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. सदतीस पूर्णांक आठला ते बनियन पिळत बसून राहत, पण बटणाला हात लावत नसत.

हे यंत्र म्हणजे ओसरीच्या भिंतीवर सावलीत बसवलेली जाळीची लाकडी पेटी आणि तिच्यात तापमान मोजणारा एक सेन्सर. हैद्राबादला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, विजयश्रीनं, तो चार वर्षांपूर्वी त्यांच्या निवृत्तीला भेट म्हणून पाठवला होता. पेटीतून निघालेली वायर आतल्या खोलीकडे जाई. त्या खोलीच्या दारावर बुद्धरत्नांनी स्वतःच्या हातानं ‘प्रयोगशाळा’ असं रंगवलं होतं आणि त्यावरच लाल आकड्यांची पाटी ठोकली होती. ओसरीत बसलेल्या कुणालाही तापमान दिसे, दिसलं नाही तर बुद्धरत्न दाखवत.

बिदरच्या एका कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत अटेंडर म्हणून काढली. नळ्या धुतल्या, तराजू पुसले, रोज दुपारी दोन वाजता थर्मामीटर वाचून वहीत आकडा लिहिला. सही मात्र प्राध्यापकांची. आकडा ज्याच्या डोळ्यांनी वाचला त्याचं नाव वहीत कुठंच नाही, ही गोष्ट त्यांना एकतीस वर्षं सलत होती आणि ते ती कुणाजवळ बोलले नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे एक जाड वही आणली, रकाने आखले आणि शेवटच्या रकान्याला मथळा दिला, ‘निरीक्षकाची सही’. तेव्हापासून रोज दोनला नोंद आणि खाली झोकदार सही. नोंद झाल्याशिवाय घरात कुणी जेवत नसे.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीच्या, प्रेरणाबाईंच्या, लक्षात आलं की अंगाची लाही होतेय, फोनवर बिदरचं तापमान एकोणचाळीस दाखवतंय आणि दारावरची पाटी मात्र सदतीसच्या आसपास घुटमळतेय. त्यांनी सरळ जाऊन नवऱ्याला सांगितलं.

“ओ, विजूचे पप्पा, तुमचं मशीन कमी दाखवायलंय.”

“मशीन कामून कमी दाखवंल? त्याला का उन्हाळा आवडतो?” बुद्धरत्न वहीतून मान वर न काढता म्हणाले. “माणसाचं अंग खोटं सांगतं. मशीन सांगत न्हाई.”

बाई आत वळल्या. वाद घालण्यात उकाडा वाढतो, हे त्यांना कळत होतं. पण त्यांच्या नजरेत दुसरी एक गोष्ट आली होती. पेटीच्या खाली वीतभर अंतरावर एक फळी होती. त्यांनी तव्यावरच्या भाकऱ्या झाल्यावर तापलेला तवाच नेऊन त्या फळीवर ठेवला.

पाचव्या मिनिटाला पाटीनं बावन्न दाखवलं. बुद्धरत्न प्रयोगशाळेतून धावत बाहेर आले, ओलं पोतं घेऊन शेजारच्या गुरुबाईंच्या कोंबड्यांवर घातलं आणि गल्लीत फिरून सगळ्यांना आत बसायला सांगितलं. गल्ली तासभर आत बसली. तेवढ्यात बाईंनी तवा उचलला आणि एक धडा घेतला, की खोटं बोलायचं नाही, खरं तेवढंच बोलायचं. दुसऱ्या दिवसापासून त्या फोनवर बिदरचा आकडा बघत आणि तव्यावरची गरम भाकर कापडात गुंडाळून टोपल्यात घालून ते टोपलं फळीवर ठेवत. त्या साली एका भाकरीत आकडे जुळले. पुढच्या साली दोन लागल्या, त्याच्या पुढच्या साली तीन. बुद्धरत्नांनी टोपलं रोज पाहिलं, पण मुंग्यांपासून लांब म्हणून ते तिथं ठेवतात, अशी त्यांची समजूत होती. घरात भाकरी कुठं ठेवतात याची चौकशी करणारा नवरा अजून जनवाड्यात जन्माला यायचा आहे.

अशा रीतीनं उन्हाळ्यात बुद्धरत्नांचा आकडा पेपरातल्या बिदरच्या आकड्याशी तंतोतंत जुळू लागला, आणि त्यांचा यंत्रावरचा विश्वास दरवर्षी वाढत गेला.

हिवाळ्यात मात्र कूलरचा प्रश्न नव्हता, म्हणून फळीवर टोपलंही नव्हतं. यंत्र एकटं पडलं की जसं होतं तसं दाखवी. पहिल्या हिवाळ्यात भर दुपारी एकोणतीस, दुसऱ्यात अठ्ठावीसच्या आत, तिसऱ्यात साडेसव्वीस, चौथ्यात पंचवीस. पेपरात बिदर दरवर्षी एकोणतीसवरच होतं. बुद्धरत्नांनी यावर फार विचार केला. यंत्र चुकत असतं तर उन्हाळ्यातही चुकलं असतं. उन्हाळ्यात ते जुळतं, म्हणजे यंत्र बरोबर. मग हिवाळ्यातला फरक जनवाड्याच्या हवेतला. मांजरा नदी जवळ आहे, गारवा धरत असणार. जिथं आकडा जुळला तिथं यंत्राची अचूकता आणि जिथं जुळला नाही तिथं मांजरा, असा त्यांचा सिद्धांत तयार झाला.

त्यांनी तो गावात सांगितला आणि गावाला तो लगेच पटला. थंडी वाढलीय असं कुणी म्हटलं की नाही म्हणणारा माणूस सापडत नाही. म्हाताऱ्यांनी कानटोप्या दिवाळीआधीच चढवल्या. गुरुबाईंनी पिल्लांच्या खुराड्यात दोन बल्ब जास्तीचे लावले. पिल्लं चोची उघड्या टाकून धापा टाकू लागली, तेव्हा ती थंडीनं आजारी पडली असं समजून त्यांनी तिसरा बल्ब लावला. कोपऱ्यावरचे दुकानदार अमृतप्पा यांच्या भिंतीवर खतवाल्यांनी फुकट दिलेला एक थर्मामीटर होता. तो भर हिवाळ्यात अठ्ठावीसच दाखवतो हे पाहून त्यांनी तो बिघडला म्हणून फेकून दिला आणि पुढच्या मोसमासाठी शंभर ब्लँकेटांची ऑर्डर दिली.

फाल्गुनात बुद्धरत्नांनी चारही वर्षांच्या नोंदींच्या झेरॉक्स काढल्या आणि कलबुर्गीला हवामान शिकवणाऱ्या सुधारानी मॅडमना पाठवल्या. पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्यांनी पहिल्याच वाक्यात बुद्धरत्नांना ‘सर’ म्हटलं. कॉलेजातलं कुणी त्यांना सर म्हणण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे पुढची दोन वाक्यं त्यांना ऐकूच आली नाहीत.

मॅडमचं म्हणणं असं होतं. भिंतीवरचं घड्याळ रोज थोडं मागं पडतं, तसा स्वस्तातला सेन्सर दरवर्षी थोडाथोडा सरकत जातो. त्याला ड्रिफ्ट म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतले महागडे सेन्सरसुद्धा सरकतात. पण बुद्धरत्नांच्या यंत्रात चार उन्हाळे उलटले तरी ड्रिफ्टचा मागमूस नाही. म्हणून हिवाळ्यातले आकडेही खरेच धरावे लागतील, आणि तसं असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. त्या स्वतः मे महिन्यात येऊन आपल्या प्रमाणित थर्मामीटरशी ताडून बघणार होत्या. ताडून जुळलं तर लेख छापायचा आणि त्यात निरीक्षक म्हणून बुद्धरत्नांचं नाव घालायचं.

त्या संध्याकाळी त्यांनी हे बायकोला सांगितलं.

“छापून येणार हाय. निरीक्षक, बुद्धरत्न मुडबीकर. खाली कुणाची सही न्हाई, काई न्हाई. नुसतं माझं नाव.”

प्रेरणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याला नेमकं काय हवं होतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. भाकरीचं सांगावं असं एकदा मनात आलं, पण ते थंडीबद्दल बोलत होते आणि भाकरी उन्हाळ्याची होती. दोन्हींचा संबंध बाईंच्या ध्यानात आला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तो कलबुर्गीच्या मॅडमच्याही ध्यानात आला नव्हता.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी बाराच्या सुमाराला मॅडम जीपनं आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, हातात लाकडी पेटी. पेटीत त्यांचा प्रमाणित थर्मामीटर, लहान बाळासारखा कापसात ठेवलेला. त्यांनी तो ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सावलीत टांगला आणि तासभर तसाच राहू दिला. मोठी मंडळी आली म्हणून अमृतप्पाही दुकान सोडून येऊन बसले. ब्लँकेटांमुळे त्यांचाही जीव त्या थर्मामीटरला टांगलेला होता.

इकडे प्रेरणाबाईंनी रोजच्यासारखा फोन बघितला. एकेचाळीस. यंदा चार भाकरींचं साल होतं. चार भाकरी कापडात गुंडाळून टोपलं फळीवर गेलं आणि बाई पाहुण्यांच्या स्वयंपाकाला लागल्या.

दोन वाजता मॅडमनी आपला थर्मामीटर वाचला. एकेचाळीस. मग वळून दारावरची लाल पाटी वाचली. एकेचाळीस. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग पिशवीतून फॉर्म काढला आणि त्यावर पेनानं सावकाश लिहिलं, ‘निरीक्षक : बुद्धरत्न मुडबीकर’. बुद्धरत्न उभे राहून ते अक्षर अक्षर बघत होते.

आता पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडायचं नाही हे ओघानंच आलं. ओसरीतच पानं मांडली. मॅडम दारासमोर, शेजारी बुद्धरत्न, पलीकडे अमृतप्पा. अमृतप्पांचं जेवण धरलेलं नव्हतं, पण दारात बसलेल्या माणसाला उठवून लावायची आमच्याकडे पद्धत नाही. ज्वारीची भाकर, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाचटणी. मॅडम शहरातल्या असल्या तरी मूळच्या करजगी गावच्या, आणि अशी भाकर त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. बघता बघता दोन संपल्या. अमृतप्पांनी तीन संपवल्या. आत परात रिकामी झाली. पीठ मळायचं तर अजून दळण आणलेलं नव्हतं.

“अगं, मॅडमना वाढ की,” बुद्धरत्न म्हणाले.

प्रेरणाबाई दारात घुटमळल्या. “करते. थोडं थांबा.”

“थांबायचं कामून? त्या टोपल्यात हायेत की. त्याच आण.”

“त्या राहू द्या.”

पाहुण्यादेखत बायको भाकर नाही म्हणते, याची बुद्धरत्नांना फार लाज वाटली. ते स्वतः उठले, फळीवरच्या टोपल्यातली एक भाकर काढली आणि मॅडमच्या ताटात वाढली. आग्रह करायचा म्हणून ते पुन्हा पानावर बसलेच नाहीत. मॅडमनी मान डोलावून पहिला घास घेतला आणि समोर पाहिलं. पाटीवर चाळीसच्या जरा खाली आकडा होता.

ढग आला असेल, असं मॅडमना वाटलं. त्यांनी बाहेर पाहिलं. ऊन तसंच होतं. बुद्धरत्नांनी अमृतप्पांना दुसरी भाकर वाढली. आकडा साडेअडतीस. मॅडमचं चावणं मंदावलं. त्यांनी आपल्या थर्मामीटरकडे पाहिलं, तो एकेचाळीसवर निवांत होता. बुद्धरत्नांची पाठ पाटीकडे होती, आणि यजमान म्हणून ते रंगात आले होते. तिसरी भाकर अर्धी-अर्धी झाली. सदतीस. मॅडमनी ताटावर आडवा हात धरला.

“नको सर. बास झालं.”

“असं कसं? एवढी शेवटची. टोपल्यात एकच ऱ्हायलीय, तिला कशाला मागं ठेवायचं,” म्हणत त्यांनी आडव्या हाताच्या बोटांवरून चौथी सरकवली.

छत्तीस. पाटी तिथं थांबली, कारण आता टोपल्यात काही उरलं नव्हतं.

मॅडमनी हात धुतले, रिकामं टोपलं उचलून पाहिलं, पेटीखालची फळी पाहिली आणि प्रेरणाबाईंकडे वळल्या.

“अक्का, ह्या भाकरी इथं रोज असतात?”

बाईंनी सगळं सांगितलं. तवा सांगितला, बावन्न सांगितलं, फोनवरचा आकडा सांगितला. मग मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं, की उन्हाळ्यात भाकरीमुळे जुळलं म्हणून यंत्र खरं ठरलं, यंत्र खरं ठरलं म्हणून हिवाळा खोटा ठरला, आणि जनवाड्यात थंडी कणभरसुद्धा वाढलेली नाही. हे ऐकून अमृतप्पा जेवता जेवता थांबले.

“म्हंजे शंभर ब्लँकेटं...” ते म्हणाले.

बुद्धरत्न पाटीकडे बघत उभे होते. मॅडमच्या पिशवीत त्यांच्या नावाचा फॉर्म होता, आणि तो आता रद्द होणार हे त्यांना दिसत होतं. बायकोवर ओरडावं असं त्यांना वाटलं. पण तिनं सांगितलं होतं, आणि त्यांनी वहीतून मानसुद्धा वर काढली नव्हती. ती आठवण आल्यावर राग त्यांच्याच अंगावर आला.

“मॅडम, तिचं काई चुकलं न्हाई,” ते म्हणाले. “ती मला बोलली होती. माझ्या नोंदी खोट्या हायेत. फाडून टाका.”

मॅडमनी फाडलं नाही. त्यांनी नवा कागद घेतला आणि प्रेरणाबाईंना विचारलं, कुठल्या साली किती भाकरी लागल्या. पहिल्या साली एकही नाही, मग एक, मग दोन, मग तीन, यंदा चार. बाईंनी असं सांगितलं जसं काही पोरांची वयं सांगताहेत. मॅडमनी ते मांडून पाहिलं तर सरळ रेघ आली. आता प्रश्न एकच होता, की एक भाकर म्हणजे किती अंश, आणि प्रत्येक भाकर सारखी असते का.

गुरुबाईंकडून पीठ आणलं गेलं. बाईंनी सहा भाकरी थापल्या. बुद्धरत्नांनी प्रयोगशाळेतला तराजू काढला, पुसला आणि एकेक भाकर तोलली. पहिली आणि सहावी यांच्यात दोन ग्रॅमचा फरक निघाला. मॅडमनी ते दोनदा तोलायला लावलं. मग एकेक गरम भाकर फळीवर ठेवून पाटी वाचली. एक भाकर, सव्वा अंश. दर वेळी सव्वा अंश.

“सर, तुमचा सेन्सर सरकतो,” मॅडम म्हणाल्या. “माझे सगळे सरकतात. ह्या घरात न सरकणारी गोष्ट एकच हाय.”

चार वर्षांच्या हिवाळ्यांत भाकरींचे अंश मिळवले तेव्हा जनवाड्याचा हिवाळा पुन्हा एकोणतीसवर आला. पुढच्या थंडीत गुरुबाईंनी जास्तीचे बल्ब लावले नाहीत आणि पिल्लांच्या चोची मिटलेल्या राहिल्या. अमृतप्पांनी ब्लँकेटांची ऑर्डर रद्द करायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून थंडी वाढलीच आहे असं ते अजून दुकानात बसून सांगतात.

लेख आठ महिन्यांनी छापून आला. विषय बदलला होता. थंडीबद्दल त्यात काहीच नव्हतं. स्वस्त सेन्सर घरगुती वापरात वर्षानुवर्षं कसे सरकतात आणि रोजच्या रोज त्यांची दुरुस्ती कशी करता येते, यावर तो होता. बुद्धरत्नांनी पाकीट ओसरीतच फोडलं. पहिल्या पानावर नावं होती. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा घालून वाचली.

“काय लिहिलंय?” प्रेरणाबाईंनी विचारलं. लेख इंग्रजीत होता.

क्षणभर बुद्धरत्नांच्या मनात आलं की वाचताना नावांची जागा बदलावी. बाईंना कळलं नसतं. पण आकडा असेल तसा वाचायचा, ही सवय एकतीस वर्षांची होती.

“निरीक्षक, प्रेरणा मुडबीकर,” त्यांनी वाचलं. “सहायक, बुद्धरत्न मुडबीकर.”

“सहायक म्हंजे?”

“अटेंडर.”

बाईंनी पदराला हात पुसला, लेख हातात घेतला आणि आपलं नाव कुठलं ते बोटानं विचारून घेतलं. मग नवऱ्याचं कुठलं तेही विचारलं. दोन्ही एकाच टाइपात होती.

दुसऱ्या दिवशी दोनला बुद्धरत्नांनी नोंद केली. सहीच्या रकान्याशी पेन थांबलं. ते वही घेऊन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. बाई भाकर थापत होत्या. त्यांनी वही समोर धरली आणि बोटानं रकाना दाखवला. बाईंनी हात धुतले, पेन घेतलं, पण सही केली नाही. आधी आकडा वाचला. इतक्या वर्षांत सही करण्याआधी आकडा वाचणारं माणूस बुद्धरत्नांनी पहिल्यांदाच बघितलं.

“चोवीस?” बाई म्हणाल्या. “ह्यात भाकरी मिळवल्या का?”

बुद्धरत्नांनी नकारार्थी मान हलवली.

“पुन्यांदा करून आणा,” बाई म्हणाल्या आणि वही परत दिली. बुद्धरत्न वही घेऊन प्रयोगशाळेत गेले.